कासिल्दाच्या आधीची गोष्ट

लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. वाचणाऱ्यावर आहे, कारण वाचणारा दुसऱ्याचं आणतो आणि आपल्यापुढे ठेवतो. लिहिणारा आपल्याकडून काहीतरी घेऊन जातो, आणि कधी नेलं ते आपल्याला कळतही नाही. देल्फिना कारमोना आमच्या दालनात वीसेक वर्षं नुसती वाचत होती, तोवर मी तिला डोक्यावर घेतलं होतं. ती लिहायला लागली आणि तिच्यासमोर मी जीभ आवरून बोलायला लागले.

आमचं गाव सान मेलितोन. गावात सिगारचा एक कारखाना आणि कारखान्यात एक लांबलचक दालन. शाळेतल्या बाकांसारखी टेबलं एकामागे एक लावलेली असतात आणि आम्ही दीडशे जण दिवसभर सिगार वळतो. हात अडकलेले, डोळे अडकलेले, कान तेवढे मोकळे. म्हणून समोर चौथऱ्यावर एक खुर्ची आहे आणि खुर्चीत वाचणारी. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. आमच्या आजोबांपासून हे असंच चालत आलंय. कुठली कादंबरी वाचायची ते आम्ही हात वर करून ठरवतो आणि खुर्चीत कोण बसणार तेही आम्हीच. मुकादमाला त्यात कुणी विचारत नाही. वाचलेलं आवडलं की आम्ही तंबाखूचं पान कापायचं पातं टेबलावर ठकठक वाजवतो. नाही आवडलं तर पातं फरशीवर टाकतो. सगळ्यांची पाती एकदम खाली पडली की जो आवाज होतो तो खुर्चीत बसून ऐकायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

सकाळचं खरं आणि दुपारचं रचलेलं, हे आमच्या इतकं अंगात भिनलंय की त्यापायी एकदा फजिती झाली होती. टंचाईची वर्षं होती, वीज लहरीप्रमाणे यायची जायची. दुपारी माइक बंद पडतो म्हणून देल्फिनाने एक दिवस कादंबरी सकाळीच वाचून टाकली. वाचण्याआधी तसं सांगितलंही, पण तेव्हा नेमकी वीज नव्हती आणि मागच्या टेबलांना काही ऐकू गेलं नाही. वीज आली ती कादंबरीतला पाववाला मरत होता तिथे. जेवणाच्या सुट्टीत मागच्या दोघी जणी फुलांचं चक्र घेऊन दारात उभ्या, कुठलं घर ते विचारायला. देल्फिनाने त्यांना तिथल्या तिथे पाववाला कादंबरीतला आहे हे समजावलं तरी त्या म्हणाल्या, बाई, पण सकाळी वाचलंत ना तुम्ही.

दिसायला देल्फिना काही विशेष नव्हती. काटकुळी, खांद्यातून वाकलेली, ऐन उन्हाळ्यातही गळ्याला रुमाल. आवाज मात्र असा, की बाहेर रस्त्यावर सायकली थांबायच्या. लग्न केलं नाही. दोनदा विचारणा झाली, दोन्ही वेळा म्हणाली, दिवसभर बोलून आल्यावर संध्याकाळी पुन्हा बोलायला लावणारा माणूस मला नको. आई लवकर गेली, बाप उशिरा गेला. छातीत कफ झाला होता तेव्हाही तिसऱ्या दिवशी चादर गुंडाळून दालनात आली आणि बदलीच्या वाचणाऱ्याच्या चुका मोजत बसली. खुर्ची काढून घेतली असती तर तिच्यापाशी दोन खोल्या आणि एक कोंबडी एवढंच उरलं असतं. हे तिलाही माहीत होतं आणि आम्हालाही.

टंचाईत नवी पुस्तकं येईनाशी झाली. वाचनालयातलं सगळं वाचून झालं होतं, काही तर तीनदा. तेव्हा देल्फिनाने स्वतःच एक कादंबरी लिहिली आणि रोज दुपारी थोडी थोडी वाचली. कासिल्दा नावाची बाई बऱ्याच वर्षांनी आपल्या गावात बसमधून उतरते, तिथून गोष्ट सुरू होते. तिला पाहून गाव माना खाली घालतं. ती खाणावळ काढते, तीन पुरुष तिच्यामागे लागतात, ती तिघांनाही जेवू घालते आणि तिघांच्याही तोंडावर दार लावते. गाव का सोडलं होतं, ते मात्र शेवटपर्यंत बोलत नाही. शेवटचं पान संपलं तेव्हा पाती इतकी वाजली की छप्पर कोसळतंय की काय म्हणून मुकादम धावत आला.

मग प्रत्येकाला शंका आली की यातलं कुणीतरी म्हणजे आपणच. सोराइदा, माझ्या मागच्या टेबलावर बसते ती, दिवसभर माझ्या पाठीत कोपर मारत होती.

"अगं ओब्दुलिया, ती कवळीवाली शेजारीण म्हणजे मी गं. माझी कवळी आहे हे तिला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? तू शिंकलीस की ती बाहेर येते."

"तूच सांगितलंस."

त्या दिवसापासून सोराइदा तोंडावर हात धरून शिंकते, आणि मला शिव्या घालते.

पण दालनाची भूक भागली नव्हती. कासिल्दा गाव सोडून का गेली, ते पाहिजे होतं. मत घेतलं, एकूण एक हात वर. आधीची गोष्ट लिही. देल्फिना खुर्चीत बसून ते हातांचं रान पाहत होती आणि तिचा चेहरा आनंदी नव्हता. मी तेव्हाच मनात म्हटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढची गोष्ट लिहायची असती तर तिने काहीही रचलं असतं, कोण अडवणार होतं? आधीच्या गोष्टीला गाव साक्षीला असतं. मागे जायचं म्हणजे आमच्या आईबापांच्या दारावरून जायचं, आणि त्या दारांच्या आत काय काय झाकलेलं आहे ते प्रत्येकाला ठाऊक होतं. लोक एकदम गोड वागायला लागले. कुणी पेरूची बर्फी नेऊन दिली, कुणी कोंबडीला दाणे. आणि जाता जाता विचारायचे, मग सुरुवात कुठून करणार म्हणता?

आता आर्सेनिओचं सांगते. आर्सेनिओ बोरेगो माझ्या डावीकडे बसतो. दालनात सर्वांत जुना, साठी कधीच उलटलेला, आणि वाचन समितीचा प्रमुख. मत घ्यायचं ते त्यानेच. त्याला एक धाकटा भाऊ होता, उबाल्दो. आम्ही लहान असताना जुन्या मालकाच्या पानं वाळवायच्या वखारीला आग लागली, त्यात तो जळाला. वय एकोणीस. सगळं गाव म्हणालं, पोरगा नाचावरून पिऊन आला, पेटती सिगार घेऊन वखारीत झोपला आणि आपल्याबरोबर सगळ्यांचं वर्षाचं पीक घेऊन गेला. मालकाने त्याच्या आईबापांना खोपटातून काढलं. शेजारणींनी आईकडे कॉफीला जाणं सोडलं. आर्सेनिओ तेव्हापासून एकच सांगतो, की उबाल्दोला धुराने खोकल्याची उबळ यायची, तो सिगारला शिवत नव्हता. सान मेलितोनमध्ये जन्मलेला पोरगा सिगार ओढत नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? मीही ठेवला नव्हता.

मत झालं त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आर्सेनिओने देल्फिनाला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. मी बाटली भरत होते. भरून झाली होती, तरी भरत होते.

"पोरी, कुठूनही सुरू कर," तो म्हणाला. "आजा-आजी बोटीतून उतरले तिथून कर, लग्नापासून कर. आगीपासून केलंस तर मी मत घ्यायला लावीन."

"कशावर मत, आर्सेनिओदादा?"

"खुर्चीवर."

तिने मान हलवली आणि निघून गेली. मला जे खटकलं ते हे. आग कुठली, असं तिने विचारलं नाही. कादंबरीत आगीचं अक्षरही नव्हतं. दुसऱ्या कुणीही विचारलं असतं, दादा, माझ्या गोष्टीत आग कुठून काढलीत?

संध्याकाळी घरी जाताना मी आर्सेनिओला छेडलं. म्हटलं, काका, लोक एवढी वर्षं बोलतातच आहेत, तिने लिहिलं तर त्यात नवीन काय?

"लोक बोलतात ती कुचाळकी असते," तो म्हणाला. "खुर्चीवरून वाचलं की ठरून जातं. माझी नातवंडं या दालनात बसणार आहेत. त्यांना तो दारुडा म्हणूनच ओळखायचा का?"

"दुपारचं रचलेलं असतं हो."

"तू कासिल्दासाठी रडलीस का नाही?"

रडले होते.

देल्फिनाची पहिली सुरुवात बोटीवरची होती. कासिल्दाचे आजा-आजी समुद्रापलीकडच्या बेटांवरून निघतात, वाटेत वादळ, ओकाऱ्या, एक मूल दगावतं. दोन दुपार ऐकलं. तिसऱ्या दुपारी मधल्या रांगेतून एक पातं पडलं, मग दहाबारा. सोराइदा मोठ्याने म्हणाली, "बाई, आमची सगळ्यांची आजी त्याच बोटीतून आली. तिला उतरव एकदाची." देल्फिनाने पानं गोळा केली.

दुसरी सुरुवात लग्नाची. कासिल्दाचं लग्न औषधवाल्याशी ठरतं आणि मोडतं. तेही फसलं, कारण ज्यांच्या ज्यांच्या घरात लग्न मोडलं होतं त्या सगळ्यांनी पाती टाकली, आणि अशी घरं आमच्याकडे बरीच आहेत. एक बाई तर सुट्टीत चौथऱ्यावर चढून म्हणाली, माझ्या मावशीला मेल्यावर तरी सुखाने झोपू दे.

तिसरी सुरुवात शाळेपासून केली. ती कुणालाच लागली नाही, आणि म्हणूनच कुणी ऐकली नाही.

या तिन्हींमध्ये मला एक गोष्ट दिसत होती. देल्फिना जुन्या मालकाच्या वखारीला लांबून वळसा घालून चालली होती. बोट वखारीच्या फार आधी, लग्न वखारीनंतर. शाळेतून पोरं घरी जायची तीसुद्धा नदीच्या बाजूने, आणि आमच्या शाळेतून नदीच्या बाजूने कुणीच कधी घरी गेलं नाही. मला वाटलं, ही आर्सेनिओच्या धमकीला भ्यालीय. मग वाटलं, नाही, तिला उबाल्दोबद्दल काही वाईट माहीत आहे आणि ते लिहायचा मोह ती आवरतेय. दोन्ही वेळा माझी चूक झाली, पण संशय खोटा नव्हता.

एका रविवारी मी तिच्या घरी गेले. थोडी कॉफी बरोबर नेली, भाजक्या वाटाण्याची भेसळ असलेली, तेव्हा मिळायची तशी. टेबलभर कागद पसरलेले. मला पाहून तिने त्यांच्यावर टेबलक्लॉथ ओढला.

"झाक, झाक," मी म्हटलं. "माझी कवळी नाही."

"सुरुवात सापडत नाही गं, ओब्दुलिया."

"सापडलीय तुला. तू तिकडे जात नाहीस."

तिने कॉफी गाळायला घेतली. फडकं नीट धरलं नाही, गाळ खाली आला. मी म्हटलं, "तुझे बाबा वखारीवर राखणदार होते ना?" मी हे सहज विचारलं नव्हतं. रात्रभर डोक्यात घोळवून विचारलं होतं.

"होते," ती म्हणाली.

"मग त्यांनी कधी काही सांगितलं असेल."

"तुझ्या कॉफीत साखर किती?"

तिला वीस वर्षांपासून माहीत आहे मी किती साखर घेते. मी कप तसाच ठेवून उठले आणि वाटभर स्वतःला म्हणत गेले, हिला माहीत आहे, हिला सगळं माहीत आहे.

मी आर्सेनिओला काही बोलले नाही. काय बोलणार होते, तिने साखर विचारली म्हणून? पण सकाळी दोघांकडे बघायचं मात्र मला जड जायला लागलं. ती वर खुर्चीत, तो खाली पहिल्या रांगेत, मध्ये चार हात अंतर. ती गिरणीच्या, पावसाच्या, परदेशाच्या बातम्या वाचायची आणि तो मान डोलवायचा.

मग तो मंगळवार आला. वर्तमानपत्र आलं नाही. कागदाच्या टंचाईत असं अधूनमधून व्हायचं, आणि तसं झालं की देल्फिना आदल्या दिवशीचंच पुन्हा वाचायची. आम्ही हात चालू केले. ती चौथऱ्यावर चढली, पण बसली नाही. हातात कागद नव्हता. माइक चालू आहे का ते तिने बोटाने टिचकी मारून पाहिलं, मागच्या टेबलांना विचारलं, ऐकू येतंय का. त्यांनी पाती वाजवून हो म्हटलं.

"आज पेपर नाही," ती म्हणाली. "पण बातमी आहे. जुनी आहे, तुम्हाला मिळायची राहिली होती."

तिने रुमाल सोडला आणि सांगायला लागली, बातमीच्या त्याच सपाट आवाजात.

"जुन्या मालकाच्या वखारीला आग लागली त्या रात्री दाराला बाहेरून अडसर होता. तो राखणदार सेराफिन कारमोना यांनी लावला होता. ते माझे वडील. पानांना ओल धरली होती म्हणून आत कोळशाच्या शेगड्या ठेवल्या होत्या, त्याही त्यांनीच पेटवल्या होत्या. उबाल्दो बोरेगो पावसातून आला आणि आडोसा म्हणून पानांच्या ढिगावर झोपला. तो आत आहे हे अडसर लावताना वडिलांना माहीत नव्हतं. शेगडी कलंडली. वडील धावत आले, अडसर काढला, तोवर उशीर झाला होता. मालकाला त्यांनी सांगितलं की दार उघडंच होतं आणि पोरगा प्यालेला होता. उबाल्दो बोरेगो याने काहीही पेटवलं नव्हतं. वडिलांनी हे मला त्यांच्या शेवटच्या आजारात सांगितलं."

कुणाचंही पातं वाजलं नाही, कुणाचं पडलं नाही. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कादंबरी लागली का?" आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "घड्याळ बघ की. सकाळ आहे."

आर्सेनिओ उभा राहिला. त्याच्या हातात अर्धी वळलेली सिगार होती.

"त्याने हाक मारली होती?"

देल्फिनाने माइक बाजूला सारला. तिला खोटं बोलता आलं असतं. बाप मेलेला, साक्षीदार नाही. मी तर मनातून म्हणत होते, बाई, नाही म्हण.

"मारली होती," ती म्हणाली. "बाबांना वाटलं, नाचावरून परतणारी पोरं रस्त्यात ओरडतायत. ते पुन्हा झोपले."

आर्सेनिओ खाली बसला आणि ती सिगार पुरी केली. मग दुसरी घेतली. दिवसभर तो वळत राहिला आणि एकही बिघडवली नाही. मला त्याचा भयंकर राग आला. एवढं ऐकल्यावर माणसाचे हात चालतात कसे, असं वाटलं. आता वाटतं, हात थांबवून तो करणार काय होता.

दुपारी दालनात नुसता कालवा. कादंबरी कुणी वाचली नाही आणि कुणी मागितलीही नाही. सोराइदा म्हणाली, "मला यात डाव दिसतो. खुर्ची जाणारच होती, म्हणून आधीच रडून घेतलं. आता कोण तिच्याविरुद्ध हात वर करेल?"

"ती रडली नाही गं."

"तोच तर डाव."

दुसरे हिशेब मांडत होते, तिचा बाप कधी गेला त्याचा. तेवढी वर्षं हिला माहीत होतं. तेवढ्या सगळ्या सकाळी ही आर्सेनिओच्या तोंडासमोर बसून जगभराच्या बातम्या वाचत होती आणि ही एक सोडून सगळ्या. मी तिच्यासाठी बर्फी नेणाऱ्यांतली नव्हते, पण मैत्रीण होते, आणि मला फसवल्यासारखं वाटत होतं. मुकादमसुद्धा आला आणि म्हणाला, तुमचा तुम्ही निर्णय घ्या, पण माल कमी पडता कामा नये.

मत घ्या, असं चारी बाजूंनी म्हणायला लागले. घ्यायचं ते आर्सेनिओनेच. त्याने दोन दिवस ते घेतलं नाही. त्या दोन दिवसांत देल्फिना वेळेवर यायची, चौथऱ्याखाली उभी राहायची, वर चढायची नाही. कुणी तिला चढ म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही.

शुक्रवारी सुट्टीआधी तो उठला आणि चौथऱ्याला पाठ लावून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मत घ्यायचं आहे. घेणार," तो म्हणाला. "पण हिच्याकडून आपलं एक पुस्तक येणं आहे. आपणच हात वर करून मागितलंय. ते पुरं होऊ दे. शेवटचं पान वाचून झालं की त्याच दिवशी खुर्चीचं मत. कुणाला अडचण?"

कुणाला नव्हती. मग तो देल्फिनाकडे वळला.

"आणि सुरुवात मी सांगणार. दारापासून करायची नाही."

"मी तिथून करणार नव्हते, आर्सेनिओदादा."

"तू मंगळवारी तिथूनच केलीस. सगळं गाव त्याला तिथूनच ओळखतं. आधी पेटलेला, आता कोंडलेला. तो एकोणीस वर्षं काय वखारीत राहत होता का?"

ती म्हणाली, "मग कुठून?"

"जन्मला तिथून. मी सात वर्षांचा होतो. सुईण म्हणाली, पाय बघा याचे, याला बूट कोण पुरवणार. आणि नाव तेच ठेव. उबाल्दो बोरेगो."

"आणि कासिल्दा?"

"तिला यायचं तेव्हा येईल."

त्यानंतर दर रविवारी आर्सेनिओ देल्फिनाच्या घरी जायला लागला. मीही जायचे. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या दोघांना एका खोलीत एकटं सोडायला माझं मन धजत नव्हतं. त्याने तिला माफ केलंय असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. तो तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही, स्वतःची बाटली आणतो. खुर्ची दाराजवळ ओढतो, टोपी मांडीवर ठेवतो आणि सांगायला लागतो. उबाल्दो टर्कीला घाबरायचा. उबाल्दोने आईची अंडी विकून बाजाची पेटी घेतली आणि त्याला एकच सूर यायचा. उबाल्दो चर्चमध्ये हसला म्हणून दोघांनी मार खाल्ला. देल्फिना लिहिते. एखादा शब्द खोटा वाटला की तो म्हणतो, "हे खोड," आणि ती खोडते. खरं तर त्यातलं सगळं खरं असेल यावर माझा विश्वास नाही. एवढं सगळं एका पोराच्या हातून घडलं असतं तर त्याला झोपायला वेळ मिळाला नसता.

दुपारी ती ते वाचते. पहिल्या दिवशी ती चौथऱ्यावर चढली तेव्हा काही जणांनी हातातली पाती उचलून धरली होती, टाकायच्या तयारीत. बुटांचा प्रसंग आला आणि कुणीतरी हसलं. मग ती पाती कामाला लागली. नवी पोरं आता उबाल्दोचे पाय, उबाल्दोची टर्की असं बोलतात, जसा काही तो मागच्या टेबलावर बसतो.

सोराइदाच्या आधी माझ्याच लक्षात आलं, पण बोलली ती.

"म्हातारा मुद्दाम करतोय हं, ओब्दुलिया. पोरगा मोठा होतच नाही."

तसंच चाललंय. पुस्तकात उबाल्दो चौदाचा होतो, पंधराचा होतो, मिसरूड फुटते, नाचाच्या गोष्टी निघायला लागतात. आणि रविवारी आर्सेनिओ म्हणतो, "थांब, पतंगाचं राहिलं. ते आठव्या वर्षीचं आहे. आधी ते घे." देल्फिना एकदाही म्हणत नाही की दादा, ते मागे गेलं. ती नवा कागद घेते. मला आधी वाटलं, खुर्ची वाचवायला ही त्याच्या होला हो करते. मग वाटलं, तिला दमात ठेवण्यासाठी हा लांबवतोय. आता मी दोघांच्याही तोंडाकडे बघते आणि मला काही खात्रीने सांगता येत नाही.

गेल्या आठवड्यात तो अठराचा झाला. कासिल्दा आली, पुलावर उभी राहून त्याच्याशी दोन शब्द बोलली. दालनात पान चिरल्याचा आवाज नव्हता. सगळ्यांना दिसत होतं की आता एक पावसाळा मध्ये आहे आणि मग नाचाची रात्र. रविवारी मी आर्सेनिओला सरळच विचारलं, "काका, आता किती दिवसांत संपेल?"

त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, झाकण लावलं आणि देल्फिनाकडे बघून म्हणाला, "त्याला पोहायला शिकवायचं राहून गेलं. अकरा वर्षांचा होता. लिही."